हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर

माझ्या आईनं सहा वर्षांपूर्वी दूध सोडलं. आम्ही तिला माय म्हणतो. ती लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावी माझ्या मोठ्या भावाकडं राहते. मी शहरात, गारखेड्यात राहते आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मी बी.एस्सी.ला होते त्या तीन वर्षांत घरात दुधाचा थेंब कुणी प्यायलं नाही. सगळं दूध डेअरीला जायचं आणि त्यावर माझं कॉलेज चालायचं. म्हणून दुधाबद्दल लिहिताना माझा हात थोडा जड होतो.

मायनं दूध का सोडलं ते आधी सांगते. आमच्या एका म्हशीचं रेडकू आठ दिवसांचं असताना मेलं. म्हशीनं पान्हा चोरला. दादानं शेजारच्या वस्तीवरून एका माणसाला बोलावलं. त्यानं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात गव्हाचं काड भरलं, वरून शिवलं आणि ते म्हशीपुढं उभं केलं. आमच्याकडं हे पूर्वीपासून करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हैस ते कातडं चाटायची आणि पान्हा सोडायची. माय खाली बसून धार काढायची. पंधरा-वीस दिवस असं चाललं. मग चाटून चाटून मानेजवळची शिवण उसवली आणि आतलं काड बाहेर आलं. त्या दिवशी म्हशीनं चाटता चाटता ते काड ओढलं आणि चावायला लागली.

मायनं धार अर्धी टाकली. चरवी वहिनीच्या हातात दिली आणि म्हणाली, "आजपासून माझं दूध सुटलं."

एवढंच. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आमच्याकडं बायका काही ना काही सोडतातच. कुणी वांगं सोडतं, कुणी चपला. सोडलं म्हटलं की लोक मान देतात. मायनं मात्र दुधाबरोबर दही, ताक, लोणी, तूप सगळंच सोडलं. अंडं-मटण तिनं आधीही कधी खाल्लं नव्हतं. म्हशी दावणीला राहिल्या, दूध डेअरीला जात राहिलं, वहिनी धार काढत राहिली. घरात कुणालाही माय म्हणाली नाही की तुम्हीपण सोडा.

राहिला चहा. कोरा चहा तिला घशाखाली उतरेना. त्या दिवाळीनंतर मी गावी गेले, तर पिशवीत बिस्किटाचे पुडे होते, सगळ्या गावात मिळतात ते साधे, गोड, चौकोनी. मायनं एक बिस्किट चहात बुडवलं आणि तोंडाजवळ नेऊन थांबली.

"बघ गं बाई, यात दूध तर नसंल?"

मी पुडा उलटा केला. कोपऱ्यात हिरवा ठिपका होता.

"हिरवा ठिपका हाय माय. खा तू बिनघोर."

मायनं खाल्लं. दात कमी झालेले, त्यामुळं चहात मऊ झालेलं ते बिस्किट तिला फार मानवलं. दोन सकाळी, दोन दुपारी. मी दर पंधरा दिवसांनी जायचे तेव्हा पुडे घेऊन जायचे. कुणी आलं-गेलं, आणि म्हणालं की म्हातारे, बिस्किटात दूध असतं बरं, तर माय शांतपणे सांगायची, "माझ्या पोरीनं वाचून पाह्यलंय." वहिनी हसून म्हणायची, "वाचणाऱ्या पोरीचं बिस्किट हाय ते, त्याला नाव ठिवू नका."

यंदा आठवीच्या वर्गात मी मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगितली होती. पाकिटावरची माहिती कशी वाचायची, हा तास. वेफर्स, शेवया, मसाले, असं सगळं आलं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तेच बिस्किटाचं पाकीट आणलं होतं. घटकांची यादी इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. ती बोट ठेवून वाचत होती. गव्हाचं पीठ, साखर, पामतेल, मग अडखळत "मिल्क सॉलिड्स". खाली जाड अक्षरात पुन्हा, "कंटेन्स व्हीट, मिल्क."

"मॅडम, मिल्क सॉलिड्स म्हणजे काय?"

"दुधाची भुकटी," मी म्हणाले.

"मग याच्यावर हिरवा ठिपका कसा?"

"दूध शाकाहारी आहे ना आपल्याकडं," असं उत्तर मी दिलं. बरोबर होतं ते. मुलीनं वहीत लिहून घेतलं. मी खुर्चीवर बसले आणि उरलेला तास मुलांना आपापलं पाकीट मनात वाचायला लावलं. वर्ग शांत होता. मी तेच पाकीट हातात धरून बसले होते. सहा वर्षांत ते मी एकदाही वाचलं नव्हतं. दिवसाला चार बिस्किटं, आणि माझी तोंडी हमी.

शाळेत संगणक शिकवायला एक तरुण मॅडम आल्या आहेत, पुण्याच्या. त्या दूध, दही, तूप काहीच खात नाहीत. त्या स्वतःला व्हीगन म्हणतात. स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा चालते, आणि त्यात मीही असायचे. मराठीचे सर एकदा म्हणाले होते, "मॅडम, दूध सोडलं, पनीर सोडलं, आता श्वास घेताना मच्छर गेला तर काय करणार?" सगळ्यात मोठ्यानं मी हसले होते. माझ्या आईनं तेच सगळं सोडलेलं होतं, आणि ते मला थोर वाटायचं. या मॅडमचे मात्र मला नखरे वाटायचे. आता लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "तुम्ही बिस्किट कुठलं खाता?"

त्यांना वाटलं नवी थट्टा आली. "खाते काही काही," त्या सावधपणे म्हणाल्या.

मग मी त्यांना मायचं सांगितलं. त्या डबा बंद करून ऐकत राहिल्या. शाळा सुटल्यावर म्हणाल्या, "चला, दुकानात जाऊन बघू."

गारखेड्यातल्या एका मोठ्या किराणा दुकानात आम्ही दोघी बिस्किटांच्या फळीपुढं तासभर उभ्या होतो. मॅडमनी मला वाचायला शिकवलं. म्हणाल्या, आपल्या देशात हिरवा ठिपका निम्मं काम करून देतो. अंडं असेल तर हिरवा ठिपका मिळतच नाही. चरबीचीही भीती नाही. ते पाकिटावर आकड्यांनी लिहिलेले घटक असतात ना, तीनशे बावीस आणि चारशे एकाहत्तर, तेही या ठिपक्याखाली मांस-चरबीपासूनचे नसतात. उरतं ते दूध आणि मध. ते आपण शोधायचं. दूध, दुधाची भुकटी, लोणी, तूप, फाटलेल्या दुधाच्या पाण्याची पावडर, म्हणजे इंग्रजीत 'व्हे'. यादी लांब असेल तर आधी खालची जाड ओळ बघायची. दूध असेल तर तिथं लिहावंच लागतं.

आम्ही वाचत गेलो. मायच्या बिस्किटासारखी जी साधी गोड बिस्किटं होती, त्यातल्या बहुतेकांत दुधाची भुकटी होती. चहाबरोबरची गोल पातळ बिस्किटं, जी आजाऱ्याला देतात, त्यातही होती. खोबऱ्याच्या बिस्किटातही. लोण्याचं नाव असलेल्यांचं तर सोडूनच द्या. गंमत अशी की मला ज्यांची खात्री होती की यात दूध असणारच, ती मधे पांढरं क्रीम भरलेली काळी बिस्किटं, त्यातल्या एका पाकिटावर घटकांत दूध नव्हतं. क्रीम म्हणजे साखर आणि तेल. त्याच कंपनीच्या दुसऱ्या चवीच्या पाकिटात मात्र होतं. काही खारी बिस्किटं चालण्यासारखी निघाली.

"पण इथं लिहिलंय, 'मे कंटेन मिल्क'," मी म्हणाले.

"म्हणजे त्यांनी घातलेलं नाही. त्याच मशीनवर दुसरं दुधाचं बिस्किट निघतं, त्याचा अंश येऊ शकतो. ज्यांना दूध बाधतं त्यांच्यासाठी ती सूचना आहे. मी खाते ते. काही जण नाही खात. तुमच्या आईचं मला कसं सांगता येणार?"

"आणि आज नाही म्हणून पुढच्या वर्षी नसेलच, असं नाही ना?"

"नाही. म्हणून मी दरवेळी वाचते," त्या म्हणाल्या.

दुकानदार केव्हाचा बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मॅडम, बिस्किट घेताय का परीक्षा घेताय त्याची?" आम्ही खाऱ्या बिस्किटांचे दोन पुडे घेतले आणि निघालो.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगतेस कशाला त्यांना? पुडा बदल. नवं खायला लागतील. या वयात जिवाला लावून घेतलं तर?" त्यात प्रेमच होतं. मलाही तेच हवं होतं. पण खारं बिस्किट माय गोड मानून खाईल हे शक्य नव्हतं, आणि क्रीमचं काळं बिस्किट ती हातात तरी धरेल का, याची शंका. तेव्हा शहागंजाकडच्या भट्टीची आठवण झाली. सुट्ट्यांच्या आधी लोक तिथं आपापलं सामान नेऊन बिस्किटं भाजून आणतात. मैदा, साखर, तूप आपलं, भट्टी आणि हात त्यांचे. मी मैदा, पिठीसाखर, सूर्यफुलाचं तेल आणि थोडी वेलची घेऊन गेले.

भट्टीवाले चाचा सामान बघून म्हणाले, "घी भूल गए मॅडम."

"घी नको. दूधही नको. तेलात करा."

"तेल में? खस्ता नक्को क्या आपकू? किसके वास्ते है, मरीज है क्या घर में?"

"आईसाठी. तिनं दूध सोडलंय."

"छोड दिये? कायकू?"

मी सांगितलं. म्हशीचं, कातड्याचं, काडाचं, सगळं. माझ्या तोडक्या हिंदीत. चाचा पीठ चाळता चाळता थांबले. मग त्यांनी रचलेले ट्रे बघितले, त्यातला एक उचलला आणि मागं नळाकडं नेला. मी विचारलं, "काय झालं?"

"सुबा इसमें घीवाले निकाले थे," ते म्हणाले. "मांज के लेता हूँ. अम्मा को मालूम नहीं पडेगा, पण अपनेकू तो मालूम है ना."

राख आणि साबण लावून त्यांनी तो ट्रे दोनदा घासला, मग स्वतःचे हातही धुतले. मी त्यांना ट्रेचं काही सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं. माझ्या आईला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मी बाकड्यावर बसून भट्टीकडं बघत होते आणि गुपचूप पुडा बदलायचा बेत मला तिथंच अवघड व्हायला लागला. परत येताना डबा मांडीवर गरम लागत होता. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाले, "मी सांगणार आहे." तो म्हणाला, "बघ बाई, तुझी आई."

रविवारी सकाळच्या गाडीनं लासूरला उतरले. गावी पोचले तेव्हा माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वहिनीनं चहा ठेवला, मायचा कोरा. माय म्हणाली, "पुडा काढ की. कालच सरलाय."

मी डबा काढला. माय डोकावली. "ह्ये काय आणलंस? माझं कुठंय?"

"माय, त्या बिस्किटात दूध असतंय."

वहिनीचा हात थांबला.

"आता घालायलेत का?" मायनं विचारलं.

इथं एक वाट होती. हो म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं. आता घालायला लागलेत, म्हणून मी बदललं. माझा शब्दही राहिला असता.

"नाय माय. पहिल्यापासून असंल. मी तवा वाचलं नव्हतं. ठिपका बघून सांगितलं."

"सा वर्सं?"

"व्हय."

शेंगा तशाच सुपात राहिल्या. वहिनी मला सावरून घ्यायला म्हणाली, "ओ आत्याबाई, भुकटी असती ती, चिमूटभर. अन् तुम्हाला ठावं नव्हतं, मग मोडलं कसं म्हणायचं?"

"मला ठावं नव्हतं," माय म्हणाली. "हिला असाया पाहिजे व्हतं."

ती रागानं बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "माय, चुकलं माझं. मला वाटलं मला माहीतच हाय."

माय उठली, दावणीकडं जाऊन आली. तिथं काय केलं ते मी बघितलं नाही, जाववलं नाही. परत आली तेव्हा चहा गार झाला होता. वहिनी म्हणाली, "दुसरा टाकते." माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे," आणि माझ्यासमोर बसली.

"यात काय हाय?" तिनं डब्याकडं बोट केलं.

मी एकेक करून सांगितलं. मैदा मी दिला, साखर मी दिली, तेल मी दिलं, वेलची घातली. मी तिथंच बसले होते. ट्रेला सकाळचं तूप लागलेलं होतं, तो भट्टीवाल्या चाचांनी माझ्यादेखत घासला.

"त्यांनी आपणहून, का तू सांगितलं म्हणून?"

"त्यांनीच. माझ्या ध्यानात नव्हतं."

मायनं एक बिस्किट घेतलं आणि गार चहात बुडवलं. ते लगेच तुटून तळाला गेलं. तिनं चमच्यानं काढून खाल्लं.

"लई लवकर बुडतंय," ती म्हणाली. वहिनीला हसू आलं आणि मग मलाही. मायनं दुसरं घेतलं, ते नुसतंच, बोटानं चुरून.

मला वाटलं, झालं. पण माय आत गेली आणि पदरात एकेक वस्तू घेऊन आली. दंतमंजनाची डबी, पाचक चूर्ण, खोकल्याच्या वड्या, दादाच्या लेकीच्या घरून आलेलं चिवड्याचं पाकीट, तिची रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. सगळं तिनं माझ्यापुढं मांडलं.

"वाच," ती म्हणाली.

"माय, मंजनात कुठलं दूध..."

"वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागले. मंजनाची डबी, वरपासून खालपर्यंत, कुठं बनवलं तो पत्तासुद्धा. माय अधूनमधून थांबवायची. हे काय? ते काय? चूर्ण झालं, वड्या झाल्या. वड्यांत मध निघाला. मी म्हणाले, "यात मध हाय. मधाचं तू ठरव." ती म्हणाली, "माशीचं मी काय बोलले नव्हते," आणि वड्या आपल्या बाजूला घेतल्या. चिवड्याच्या पाकिटावर मी तीन वेळा बघितलं, दूध कुठंच नव्हतं. तीन वेळा का बघते ते तिला कळलं असावं.

गोळ्यांची पट्टी राहिली. औषधाचं नाव होतं, प्रमाण होतं, आणि पुढं फक्त एवढंच की बाकीचे पूरक घटक आवश्यक तेवढे. ते कोणते, ते नव्हतं. गोळी बांधायला पुष्कळदा दुधातली साखर वापरतात, हे मी शिकलेली आहे. या गोळीत आहे का, ते मला पट्टीवरून कळणार नव्हतं. मनात एकदम आलं, हिनं गोळीच सोडली तर?

"यात?" माय म्हणाली.

"मला माहीत नाय, माय."

तिच्यासमोर हे वाक्य मी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. शिकायला लागल्यापासून या घरात सगळं मलाच माहीत असायचं. खताच्या पोत्यावर काय लिहिलंय, वीजबिल बरोबर आहे का, डॉक्टर काय म्हणाले.

"लिहिलेलं नाय. असू बी शकतंय, नसू बी शकतंय. उद्या औषधाच्या दुकानात विचारते. त्यांना नाय कळलं तर कंपनीला विचारते. अन् मग सांगते. तवर बंद करू नको."

मायनं पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली, जणू तिलाही ती वाचता येत होती.

"गोळी मी काय हौसेनं खात नाय," ती म्हणाली. "बिस्किट हौसेनं खात व्हते. गोळी चालू ठिवते. पण तू इचार."

"विचारते."

"अन् अंदाजानं सांगू नको."

"नाय सांगणार."

तिनं पट्टी फळीवर ठेवली आणि पदर झटकला. मग काहीतरी आठवून पुन्हा आत गेली. मी तिच्या पेटीचं झाकण वाजलेलं ऐकलं. बाहेर आली ती मलमाची डबी घेऊन, गुडघ्याला लावायची.

"खात नाय ही, पण अंगात जातीच की," ती म्हणाली. "वाच."